सव्वीस वर्षं उशीर झाला, आता त्यांच्या दारात कसा जाऊ?

ताई,

माझं वय ५१. चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक तरी माणूस फौजेत असलेलं. माझा जिवलग मित्र आणि मी पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. १९९३ साली दोघं मिळून कोल्हापूरला भरतीला गेलो. पळण्यात मी त्याच्या पुढे होतो. पण छाती मोजताना माझी फुगवून तीनच सेंटिमीटर वाढली, पाच लागते. तो भरती झाला, मी परत आलो.

१९९९ च्या जूनमध्ये, कारगिलच्या लढाईत, तो द्रासच्या बाजूला गेला. तिरंग्यातून पेटी आली तेव्हा दहा गावची माणसं लोटली होती. मी पुण्याहून आलो, शाळेच्या भिंतीवर चढून लांबूनच बघितलं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत फिरलो. त्याच्या आईवडिलांना भेटलो नाही. काकी मला बघतील आणि त्यांच्या मनात येईल, दोघं गेले होते, हा कसा राहिला.

मग दहावा झाला, तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं. जितका उशीर होत गेला तितकं जाणं अवघड होत गेलं. गावी गेलो की त्यांच्या दारावरून न जाता मागच्या पांदीनं घरी जातो. २६ वर्षं असंच चाललंय. तात्यांनी ऐंशी ओलांडली. काकी त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. गेल्या महिन्यात मारुतीच्या देवळात काकी अचानक समोर आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली मान घालून निघून आलो.

आणखी एक. त्याची तीन पत्रं माझ्याकडे आहेत, ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्यावरून आलेली. शेवटचं मे १९९९ चं. त्यात त्यानं लिहिलंय की इथं रात्री भीती वाटते. खाली लिहिलंय, 'आईला यातलं काही सांगू नको.' मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ही पत्रं त्यांना द्यावीत का? आणि इतक्या वर्षांनी सांत्वनाला जाणं शोभतं का? गेलो तर बोलू काय?

– एक मित्र, चाकण

देवळात काकी तुमच्याकडे बघत राहिल्या, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी तुम्हाला ओळखलं. दहा वर्षं तुम्ही ज्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या मुलाबरोबर जेवलात, त्या तुमचे केस पिकले म्हणून तुम्हाला ओळखणार नाहीत होय? आणि तुम्ही मान खाली घालून निघून गेलात तेही त्यांनी बघितलं. त्यामुळे जायचं की नाही, हे आता विचारूच नका. जायचंच आहे. कसं जायचं तेवढं बोलू.

मला यातलं जे कळतं ते घरातूनच कळलेलं आहे. माझा थोरला भाऊ १९७१ च्या डिसेंबरमध्ये पूर्व आघाडीवर गेला. मी तेव्हा ११ वर्षांची. आज पेटी घरी येते, गावकऱ्यांना दर्शन घेता येतं. कारगिलपासून हे सगळीकडे व्हायला लागलं. त्याआधीच्या लढायांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच उरकायचे. आमच्याकडे आली ती तार. इंग्रजीत होती, शाळेतल्या गुरुजींनी वाचली आणि वाचून झाल्यावर ते बराच वेळ कागदाकडेच बघत राहिले. दोन-तीन महिन्यांनी त्याची ट्रंक आली. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत सामानाची यादी होती आणि यादीबरहुकूम सामान. शर्ट, आरसा, दाढीचा ब्रश, अर्धा झिजलेला साबण. आणि पितळेचा एक डबा.

हा डबा आईचा. दिवाळीच्या सुट्टीवरून परत जाताना तिनं त्यातून डिंकाचे लाडू दिले होते. डबा रिकामा होता. नुसता रिकामा नाही, घासूनपुसून ठेवलेला. आईनं तो उघडून वास घेतला. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. लाडू त्यानं खाल्ले का? की त्याला काही झाल्यावर कुणी तरी डबा रिकामा करून पाठवला? येईल त्याला ती हे विचारायची. माणसं गोंधळून जायची. ती आलेली असायची मोठमोठं बोलायला. देशासाठी, मातीसाठी, नाव अमर झालं, आणि ही विचारतेय लाडवांचं. काहींना वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दीड वर्षानं त्याच्या पलटणीतला एक जण सुट्टीवर आला असताना वाट वाकडी करून आमच्याकडे आला. सांगलीकडचा होता. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. आईनं विचारलं. तो माणूस चटकन म्हणाला, "आई, लाडू चौथ्या दिवशीच संपले. आम्ही नऊ जण होतो, त्यानं सगळ्यांना वाटले. मला दोन मिळाले. डबा मीच घासला, वाळूनं." बस, एवढंच. त्यानंतर ती रडली. तार आली तेव्हाही मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. आणि मग पुढची तीस वर्षं, जाईपर्यंत, तिनं ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. नऊ जण होते, सगळ्यांना वाटले, याला दोन मिळाले.

आमच्या घरी त्या काळात मंत्र्यांपासून मामलेदारापर्यंत कोण कोण येऊन गेलं असेल. त्यांनी काय सांत्वन केलं ते मला आठवत नाही, आईलाही आठवत नव्हतं. सांगलीचा तो जवान मात्र आमच्या घरातला होऊन गेला.

तुम्ही विचारलंत, बोलू काय. तुमच्याकडे दहा वर्षांचा एक बाक आहे, हेच बोला. काकींचा मुलगा शाळेत कोणाची खोड काढायचा, कुठल्या विषयात नापास होता होता वाचला, विहिरीत पहिली उडी कधी मारली, भरतीला जाताना वाटेत काय बोलला. कोल्हापूरचा तो दिवस तर फक्त तुमच्याकडेच आहे. त्या दिवशी तो घाबरला होता का, निवड झाल्याचं कळल्यावर पहिल्यांदा काय म्हणाला, परतीच्या वाटेवर तुम्ही दोघं गप्प होतात की बोलत होतात. हे त्या दोघांना कोण सांगणार? २६ वर्षं त्यांच्या घरचा ऐवज तुमच्याकडे पडून आहे.

आणि त्यांच्याकडे या २६ वर्षांत काय जमलंय माहीत आहे? शाली. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २६ जुलैला कारगिल विजय दिवस, गावची जत्रा, शाळेचं गॅदरिंग. दर वेळी वीरमाता-वीरपिता म्हणून स्टेजवर बोलावणं, शाल, श्रीफळ, फोटो. आमच्या आईकडे शेवटी चाळीसेक शाली निघाल्या. घडी न मोडलेल्या, काहींना अजून दुकानाची चिठ्ठी. मी त्या सन्मानाला नावं ठेवत नाही. आईला स्टेजवर बसायला आवडायचं, माईकवर भावाचं नाव घेतलं की तिची मान ताठ व्हायची. पण तिथं ज्याचं नाव घेतलं जायचं तो फोटोतला जवान होता, एकवीस वर्षांचा, टोपी घातलेला. त्याला लहानपणी पायाला गळू झालं होतं आणि तो महिनाभर लंगडत शाळेत गेला होता, हे स्टेजवर कोण कशाला बोलेल?

आपल्याकडे गावोगावी मारुतीच्या देवळापाशी वीरगळ असतात. तुमच्याही गावात असेल. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला उचलून नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. शेकडो वर्षं आपण असे दगड उभे करत आलोय आणि त्यांना तेल-शेंदूर लावत आलोय. घरी राहिलेली आई मी त्यातल्या एकाही चौकटीत पाहिलेली नाही. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. एका गावातून ४६. तो आकडा वाचला की मला उगीच वाटत राहतं, या ४६ घरी कोण कोण भेटायला गेलं असेल, आणि जाऊन काय बोललं असेल.

असो, तुमच्याकडे वळते.

जाण्याचा दिवस साधा निवडा. सण नको, २६ जुलै तर नकोच. त्या दिवशी दारात गाड्या असतात आणि काकींना नवं लुगडं नेसून तयार राहावं लागतं. सकाळी डेअरीला दूध घालून झालं की गावात जी जरा निवांत वेळ असते ती धरा. बायकोला न्यायचं असेल तर न्या, पण पहिल्या खेपेला मुलांना नको. शाल नको, श्रीफळ नको, हारही नको. रिकाम्या हातानंही जाऊ नका. तुमच्या रानातला घेवडा असेल, भुईमुगाच्या शेंगा असतील, ते न्या. घरातला माणूस घरात जसं काही घेऊन येतो तसं.

दारात गेल्यावर नाव सांगा. त्यांनी ओळखलं असलं तरी सांगा, आणि लगेच पुढचं वाक्य बोला: "काकी, मी तेव्हा यायला पाहिजे होतं. आलो नाही. माझं चुकलं." याच्यापुढे कारणं नकोत. धीर झाला नाही, नोकरी होती, रजा नव्हती, यातलं काही नको. मग थांबा. त्या काय बोलतील ते मी सांगू शकत नाही. कदाचित म्हणतील, "आता आलास व्हय?" कदाचित नुसतं "बस" म्हणतील. कदाचित चांगल्या कडकडून बोलतील. बोलल्या तर ऐकून घ्या. २६ वर्षांचा राग त्यांनी कुणावर तरी काढायला हवा आणि तुम्ही त्या रागाला लायक आहात, कारण तुम्ही त्यांचे आहात. परक्यावर कोण रागावतं?

आता एक जरा कठोर सांगते. 'दोघं गेले होते, हा कसा राहिला' हे जे तुमच्या मनात आहे, ते पहिल्या भेटीत त्यांच्यापुढे मांडू नका. तुमची छाती दोन सेंटिमीटर कमी भरली यात तुमचा गुन्हा नाही आणि हे तुम्हालाही कळतं. पण समजा तुम्ही तिथं बसून म्हणालात, "काकी, त्याच्या जागी मी असतो तर..." तर काय होईल? त्या उठून तुमच्या पाठीवरून हात फिरवतील. पाणी आणतील. म्हणतील, "असं बोलू नये रे." म्हणजे सांत्वन तुमचं झालं. आमच्याकडे भावाचा एक मित्र असाच आला होता. तासभर हमसून हमसून रडला. आईनं त्याला गूळ-पाणी दिलं, समजावलं, फाटकापर्यंत सोडून आली. आत येऊन मला म्हणाली, "आज मला रडायलाच मिळालं नाही बघ." हे बोलायचंच असेल तर मला लिहा, बायकोशी बोला. पुढे कधी काकींनी आपणहून विषय काढला तर एका वाक्यात सांगा आणि सोडून द्या. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, ते वेगळं.

शब्दांचंही थोडं सांगते. काकी मुलाबद्दल जो शब्द वापरतील तोच तुम्ही वापरा. आपण वर्तमानपत्रात 'वीरमरण' वाचतो, भाषणात 'शहीद', 'हुतात्मा' ऐकतो. सैन्याच्या कागदांत 'शहीद' हा शब्दच नसतो, तिथं 'बॅटल कॅज्युअल्टी' लिहितात. आमची आई यातलं काहीच म्हणायची नाही. ती म्हणायची, "माझा गेला." काकी तसं म्हणाल्या तर तुम्ही 'शहीद झाला' म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. उलट त्या 'माझा पोरगा शहीद झाला' असं अभिमानानं म्हणाल्या तर तुम्हीही तोच अभिमान धरा, त्यांना रडवायला जाऊ नका. तो अभिमान खरा असतो. फक्त तो त्यांच्या तोंडून आधी यायला हवा. 'तुम्ही अभिमान बाळगायला पाहिजे' हे समोरच्यानं सांगितलं की त्याचा अर्थ 'आता गप्प बसा' एवढाच होतो. आणि त्याचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, आईला त्रास होईल म्हणून. आईच्या कानांना त्याच नावाची भूक असते. शाळेत तुम्ही त्याला ज्या नावानं चिडवायचा तेही चालेल, तेच जास्त चालेल.

पैशाचं एक अक्षर काढू नका. कारगिलनंतर पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी देण्याची योजना होती, तेव्हापासून अशा घरी 'पंप मिळाला का?' हा प्रश्न विचारणारी माणसं मी स्वतः बघितलीयत. शेवट कसा झाला, गोळी की गोळा, पेटी उघडली होती का, हेही विचारायचं नाही. त्यांना सांगायचं असेल तर त्या सांगतील, आणि सांगायला लागल्या तर मध्ये थांबवू नका, आधी ऐकलेलं असलं तरी.

तात्यांचं मला जास्त वाटतं. बाप माणूस असं समोर बसून बोलत नाही. तुम्ही काकींशी बोलत असाल आणि ते उठून गोठ्याकडे गेले, तर तुमच्यावर रागावलेत असं समजू नका. थोड्या वेळानं मागोमाग जा. कडबा टाकायला हात लावा. आमचे आण्णा भावाचं नाव कधी घ्यायचे नाहीत, त्याच्या पुण्यतिथीला रानात निघून जायचे. पण दर दिवाळीला सगळी घरातली झाडलोट झाली की ते ट्रंक ओढून बाहेर काढायचे आणि फडक्यावर रॉकेल घेऊन कडी-कोयंडा पुसायचे, गंज धरू नये म्हणून. एकदा भावाचा तालमीतला जोडीदार नेमका त्या वेळी आला. काही न बोलता खाली बसला आणि दुसऱ्या बाजूचा कोयंडा पुसायला लागला. दोघांनी ट्रंक पुसली, बिडी ओढली. रात्री आण्णा जेवताना म्हणाले, "चांगला पोरगा आहे." वर्षभरातलं ते त्यांचं भावाबद्दलचं पहिलं बोलणं होतं, आणि भावाचं नाव त्यातही नव्हतं.

आता पत्रं.

ती त्यांचीच आहेत, द्यायची. पण पहिल्या दिवशी खिशातून काढून हातात ठेवू नका. पहिल्या भेटीत किंवा दुसऱ्या, जेव्हा बोलणं सुरळीत होईल तेव्हा एवढंच सांगा: "त्याची तीन पत्रं माझ्याकडे आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हा आणतो." मग त्या म्हणतील 'उद्याच आण', किंवा काहीच म्हणणार नाहीत. काहीच न म्हणाल्या तर वाट बघा. आपल्या मुलाचं न वाचलेलं अक्षर अजून जगात शिल्लक आहे, ही बातमीच इतकी मोठी आहे की ती पचायला दिवस लागतील.

राहिलं 'आईला सांगू नको'. तुम्ही २६ वर्षं शब्द पाळलात, त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. पण तो शब्द त्यानं कशासाठी घेतला होता ते बघा. आई काळजी करेल, झोपणार नाही, म्हणून. ज्याची काळजी करायची ते होऊन गेलं, आणि त्यानंतर त्या किती रात्री झोपल्या असतील? मुलगा शूर होता हे त्यांना सगळ्या गावानं सांगितलंय. तो घाबरत होता आणि तरी तिथं उभा राहिला, हे कळलं तर त्याचं शौर्य कमी होईल असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. उलट, मरणाच्या दारातही पोराला आपली काळजी होती, आपल्याला त्रास होऊ नये म्हणून मित्राला बजावत होता, हे त्या वाक्यातून त्यांना कळेल. त्या पत्रातली आईसाठीची ओळ तीच आहे.

तरीही एक करा. पत्रं द्यायच्या आधी तात्यांना एकट्याला सांगा की शेवटच्या पत्रात असं असं आहे. ते म्हणाले, 'ते एक राहू दे', तर राहू दे, दोनच द्या. घर त्यांचं आहे, २६ वर्षं त्यांनी सांभाळलंय. ते नाही म्हणाले तर मन वाईट करून घेऊ नका आणि परस्पर काकींच्या हातातही देऊ नका. काकींना वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला तुम्हीच बसा. नातवंडांच्या हातात देऊ नका. वाचताना आवाज कापला तर थांबा, पाणी प्या, पुन्हा वाचा. एकही शब्द गाळू नका. त्यात बायाबापड्यांसमोर न वाचण्यासारखी शिवी असेल तर ती मात्र गाळा, आणि काकींना सांगा की इथं शिवी आहे. त्या हसतील.

अस्सल पत्रं त्यांना द्या, तुमच्याकडे फोटो ठेवा. स्टेटसला टाकू नका, तालुक्याच्या पत्रकाराला दाखवू नका, २६ जुलैच्या कार्यक्रमाच्या संयोजकांना तर कळूही देऊ नका. पुढच्या वर्षी ती स्टेजवर वाचली जायला नकोत. त्यांना वाटलं तर ते स्वतः देतील.

पहिल्या भेटीनंतर पुढचं सोपं आहे, फक्त जात राहावं लागतं. म्हाताऱ्या माणसांची कामं असतात. निवृत्तिवेतनाचे कागद, दरवर्षी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसकडून इंग्रजी-हिंदीत आलेलं पत्र. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं बरीचशी माणसं स्वतः फौजेतून आलेली असतात, नीट बोलतात. तुमची गाडी आहे, तुम्हाला फॉर्म भरता येतो. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणून येऊ नका, सांगणार नाहीत ते. 'मी अमुक तारखेला साताऱ्याला जातोय, कागद द्या' असं म्हणा. दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली झालं. स्वातंत्र्यानंतर गेलेल्या २५ हजारांहून अधिक जणांची नावं तिथं दगडावर कोरलेली आहेत, त्यात तुमच्या मित्राचंही असणार. तात्या-काकींना या वयात प्रवास झेपेल की नाही ते तुम्हीच बघा. नाही झेपला तर तुम्ही जा, त्याच्या नावापुढे उभे राहा आणि त्या दगडाचा फोटो काढून आणा. अक्षरं वाचता येतील असा.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं बाकीच्या वाचकांनाही दोन शब्द सांगते, कारण अशी बातमी कुठल्या तरी गावात कधीही येऊ शकते. पेटीबरोबर पलटणीतला एखादा जवान किंवा सुभेदार आलेला असतो. सगळे पुढाऱ्यांभोवती आणि हा बिचारा कोपऱ्यात उभा. त्याला धरून आणा आणि आईबापाच्या शेजारी बसवा. त्या घरात त्या दिवशी त्यांच्या मुलाला शेवटचं ओळखणारा तो एकटाच असतो. आणि मोबाईल खाली ठेवा. चूल पेटत नाही तेव्हा शेजारची भाकरी-पिठलं पोचतं, ते आपल्याकडे अजून चांगलं चालतं. पण ते तेराव्याला थांबतं. चौदाव्या दिवसापासून कुणी तरी जायला हवं.

आता शेवटची एक गोष्ट, परत निघतानाची. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, न बोलता उठायचं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आमची आई ते मानायची नाही. भाऊ दर सुट्टीनंतर उंबऱ्यावर वाकून पाया पडायचा आणि "आई, येतो" म्हणायचा, शेवटच्या वेळीही म्हणाला होता. तो गेल्यावर त्याचा कुणी मित्र घरी आला आणि रीत म्हणून न बोलता उठला की ती फाटकापर्यंत मागे जाऊन त्याला थांबवायची. "येतो म्हण आधी." म्हटल्याशिवाय सोडायची नाही. काकींचं मला माहीत नाही. पण तुम्ही म्हणून बघा.

आणि पत्रं नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पावसाचे दिवस आहेत, आणि तो कागद घडीवर फाटतो.